रस्त्याला अनामत, घराला आश्वासन

परवा धुळ्याहून येताना एका गावरस्त्याच्या फाट्यावर चहाला थांबलो. तिथे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा तो नेहमीचा फलक होता. कामाचं नाव, लांबी, किंमत, ठेकेदाराचं नाव आणि शेवटी "दोष दायित्व कालावधी : ५ वर्षे". रस्ता पाच वर्षांत उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर सरकारकडे त्याची अनामत अडकलेली असते. आता रस्ते तरीही उखडतात, ते आपण रोज बघतो. पण निदान फलकावर लिहिलेलं असतं आणि थोडे का होईना, पैसे सरकारच्या हातात असतात.

मी चहा पिता पिता विचार करत होतो, की हीच पाच वर्षांची हमी कायद्याने माझ्या फ्लॅटलाही आहे. मग माझ्या हातात काय आहे? माझ्या हातात साईटवाल्याचा मोबाईल नंबर आहे, आणि तो उचलत नाही.

हा विषय माझ्या एकट्याचा असता तर लिहिलं नसतं. पण गेल्या वर्षभरात जळगावात पिंप्राळा, खोटेनगर, निमखेडी, सावखेडा रोड आणि धुळ्यात देवपूर, वलवाडी, साक्री रोड, कुठेही नव्या घरात चहाला गेलो की यजमान आधी भिंत दाखवतात. "हे बघा ना भाऊ, दोनच वर्षं झाली." म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब झालंय, पण ज्यांनी नवीन घर घेतलंय किंवा घ्यायच्या बेतात आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझं. २०२२ च्या आखाजीला मुहूर्त साधून फ्लॅटचा ताबा घेतला. रेरा नोंदणी असलेली स्कीम, चौदा फ्लॅट. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. बिल्डरला फोन केला. "काका, आपण घरचेच आहोत, उद्या माणूस पाठवतो." माणूस आला पंधरा दिवसांनी, हातात क्रॅकफिलचा डबा आणि पुट्टी. भेगा बुजवल्या, रंग मारला, फोटो काढून घेऊन गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल तिथेच, शिवाय लोणा लागून रंगाचे पोपडे. परत फोन, परत पुट्टी. तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्लॅबमधून झिरपायला लागलं. चौथ्या वर्षी तिथलं प्लास्टर पडलं आणि आतली गंजलेली सळई दिसली. तेव्हा उत्तर मिळालं, "वॉटरप्रूफिंगची गॅरंटी एक वर्षाचीच असते काका. ती केव्हाच संपली."

हे उत्तर चुकीचं आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून सांगतो.

स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याचं कलम १४(३) बघा. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या ढाच्यातला दोष किंवा कामाचा, दर्जाचा, सुविधांचा कोणताही दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांच्या आत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर नुकसानभरपाई. वॉटरप्रूफिंगवाल्याने बिल्डरला एक वर्षाची गॅरंटी दिली असेल, तर तो त्या दोघांचा व्यवहार झाला. आपल्याला कायद्याने दिलेली पाच वर्षं त्याने कमी होत नाहीत. आणि करारात तसं कलम घुसवताही येत नाही. महारेराने ठरवलेल्या आदर्श करारनाम्यातली काही कलमं बिल्डरला बदलता येत नाहीत, त्यात दोष दायित्वाचं कलम आहे.

अजून एक बारीक गोष्ट. पाच वर्षांच्या आत दोष *कळवायचा* आहे. म्हणजे चार वर्षं अकरा महिन्यांनी कळवला तरी चालतो, पण कळवल्याचा पुरावा पाहिजे. आणि इथेच आपण मार खातो.

आपण कळवतो कसं? फोनवर. साईटवर भेटलो तर तोंडी. कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसला तर हसत हसत. कारण बिल्डर अनोळखी नसतो. तो आपल्या समाजाचा असतो, मेव्हण्याचा वर्गमित्र असतो, नाहीतर ज्याने घर सुचवलं त्याचा भाचा असतो. त्याला नोटीस पाठवायची म्हणजे नात्यात वाकडेपणा. मुंबई-पुण्याचा माणूस बिल्डरला ओळखत नाही, म्हणून तो सरळ तक्रार करतो. आपण ओळखतो म्हणून गप्प बसतो. या ओळखीचं भाडं आपण भरतो, दर पावसाळ्याला एक याप्रमाणे. पाच पावसाळे असे गेले की तोच घरचा माणूस शांतपणे सांगतो, "आता मुदत संपली काका."

आता धुळ्याचं सांगतो, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे आणि जास्त वाईट आहे.

माझ्या ताईने देवपूरच्या पुढे रो-हाऊस घेतलं. दाजी एसटीतून रिटायर झाले, फंडाचे पैसे आणि वरून कर्ज. सहा रो-हाऊसची छोटी स्कीम. जमीन काळी. खान्देशात काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतो. पावसात फुगते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात जाईल. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत न्यायचा, नाहीतर खालची काळी माती काढून मुरूम भरून दाबायचा, ही साधी गोष्ट. इथे काय केलं ते जमिनीखाली आहे, पण वर दिसतं असं : जिन्याजवळ भिंतीत तिरका तडा, हॉलची फरशी एका बाजूला बसलेली, मागचा दरवाजा उन्हाळ्यात लागतो आणि पावसाळ्यात लागत नाही.

ताईसाठी मी रेराचं कलम शोधून बिल्डरकडे गेलो. त्याने हसून सांगितलं, "भो, आमची स्कीम रेरात येतच नाही." आणि तो नोंदणीबाबत खरं बोलत होता. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत घरं असली तर कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणीची सक्ती नाही. ही सूट देताना दिल्लीत बसलेल्यांच्या डोळ्यासमोर महानगरातले टॉवर असतील. तिथे आठ घरांची स्कीम म्हणजे किरकोळ. आपल्याकडे सहा रो-हाऊस, आठ फ्लॅटचं अपार्टमेंट, चार ट्विन बंगले हीच तर नेहमीची स्कीम! म्हणजे महानगरात जो अपवाद, तो आपल्या शहरात जवळपास नियम.

पण म्हणून ताईचे हात बांधलेले नाहीत, हेही लक्षात घ्या. १९६३ चा जुना मोफा कायदा अजून रद्द झालेला नाही. त्यात दोषासाठी ताब्यापासून ३ वर्षांची तरतूद आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा तर आहेच. जळगावला आणि धुळ्याला दोन्हीकडे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच. २० ते ५० लाखांच्या घराला फी फक्त १,००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. रेरा नोंदणी असली तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० च्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केलंय. दोनपैकी एक निवडायचा. फक्त एक धोका ओळखा. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. पहिल्या वर्षी ओल दिसली आणि चौथ्या वर्षी आयोगात गेलात, तर समोरचा वकील आधी तेच बोट दाखवेल.

आता कुणी म्हणेल, ओल आणि तड्याचं एवढं काय घेऊन बसलात. दर दिवाळीला रंग मारा.

हेच ऐकून ऐकून कान किटले. गंजलेली सळई रंगाने झाकली जाते, थांबत नाही. गंज चढला की सळई फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती, अलीकडच्या काळातली इमारत होती. माझ्या बाथरूमचा स्लॅब उद्या पडेल असं मी म्हणत नाही. पण तो का पडणार नाही, हे सांगणारा कागदही कुणाकडे नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला बँक मात्र हप्ता बरोबर कापते. बँकेला ओल दिसत नाही.

आपल्या भागात हे दोष का वाढतात, त्याचीही कारणं आहेत. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात स्लॅब टाकला की पाणी मारणं हाच जीव. गरम, कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवा, असं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. आता ज्या शहरात पिण्याचं पाणीच काही दिवसांआड येतं, तिथे साईटवर दहा दिवस पाणी कोण मारणार? टँकरचे पैसे वाचवायचे तर सगळ्यात सोपी कात्री इथेच लागते. तिसऱ्या दिवशी पोती वाळलेली असतात. वाळूचं तेच. गिरणा-तापीची चांगली वाळू महाग, लिलाव अडकलेले, मग धुळीने भरलेला क्रश वापरायचा. कुणाला कळतंय? पुट्टी मारल्यावर सगळ्या भिंती सारख्याच गुळगुळीत.

बिल्डरची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. सगळे सारखे नाहीत. जळगावात असेही बिल्डर आहेत, जे पाच वर्षांनंतरही स्वतः येऊन गळती बघून जातात. त्यांचंही ऐकलंय. लोक ताबा घेतल्यावर भिंती तोडतात, बाल्कनी आत घेतात, बाथरूममध्ये नवीन फरशीसाठी कोबा फोडतात, आणि मग खाली गळालं की बिल्डरला फोन. हे खरं आहे. आपण केलेल्या तोडफोडीची जबाबदारी त्याच्यावर टाकणं बरोबर नाही. मजूर टिकत नाहीत, मिस्त्री अर्ध्या कामातून दुसऱ्या साईटवर जातो, हेही खरं. पण या सगळ्या अडचणी फ्लॅटचा भाव ठरवताना धरलेल्या असतात ना? भाव पूर्ण घेतला, तर जबाबदारी अर्धी कशी?

माझं म्हणणं एकच आहे. कायदा कमजोर आहे म्हणून हे होत नाही. पाच वर्षं, तीस दिवस, फुकट दुरुस्ती, यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? अडतं ते पैशावर. किल्ली हातात येते त्या दिवशी आपण शेवटचा रुपया दिलेला असतो. आदर्श करारनाम्यात ९५ टक्के रक्कम टप्प्याटप्प्याने आणि उरलेली ५ टक्के ताब्याच्या वेळी, अशी रचना आहे. त्या शेवटच्या ५ टक्क्यांपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. त्यानंतर आपण ग्राहक राहत नाही, आपण कटकट होतो.

सरकार स्वतःचं काम करून घेताना ठेकेदारावर विश्वास ठेवत नाही, अनामत ठेवते. मग सामान्य माणसाला मात्र विश्वासावर का सोडलंय? म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत :

एक, घराच्या किमतीचे किमान २ टक्के वेगळ्या बँक खात्यात दोष दायित्वापोटी ठेवावेत. पाच वर्षांत तक्रार नाही, तर व्याजासकट बिल्डरला परत. तक्रार आली आणि तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यातून दुरुस्ती. ३० लाखांच्या फ्लॅटला हे होतात ६० हजार. चांगलं काम करणाऱ्या बिल्डरचं यात काहीच जात नाही. उलट त्याची आणि पुट्टीवाल्याची ओळख तरी वेगळी होईल.

दोन, आठ घरांची सूट आपल्यासारख्या शहरांसाठी खाली आणावी. ते होईपर्यंत जळगाव आणि धुळे महापालिकांनी छोट्या स्कीमला भोगवटा प्रमाणपत्र देताना मातीचा आणि काँक्रीटचा चाचणी अहवाल मागून तो घर घेणाऱ्याला द्यायला लावावा.

तीन, जळगावला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोष आहे की नाही यावरच तर सगळं भांडण असतं. ठरावीक, परवडणाऱ्या शुल्कात घराची तपासणी करून लेखी अहवाल देण्याची सोय तिथे सामान्य माणसासाठी करावी.

चार, महारेराची कार्यालयं मुंबई-पुणे-नागपूरला. सुनावणी ऑनलाइन होते हे चांगलं, पण साठ वर्षांच्या माणसाला तक्रार ऑनलाइन भरता येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात आठवड्यातून एक दिवस मदत कक्ष ठेवायला किती खर्च येतो? शेवटी महारेराचे वसुलीचे आदेशही जिल्हाधिकाऱ्यांकडेच येतात ना, जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायला.

घरांच्या न्यायाला आपल्याकडे किती वेळ लागतो, हे जळगावकरांना सांगायला नको. घरकुल प्रकरण नगरपालिकेच्या काळातलं. गुन्हा दाखल झाला फेब्रुवारी २००६ मध्ये आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं ३१ ऑगस्ट २०१९ ला. त्यानंतर अपिलं. तेव्हा प्रत्येक गोष्ट कोर्टाच्या दारात नेऊन सुटेल, अशा भ्रमात मीही नाही. म्हणूनच पैसा आधी अडकलेला हवा.

पण मागण्या मान्य होईपर्यंत भिंत थांबणार नाही. तोवर आपल्या हातात काय आहे, ते सांगतो.

ताबा घेताना घाई करू नका. मुहूर्त चुकला तरी चालेल. एखादा ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर बरोबर न्या. फरशी ठोकून बघा, पोकळ वाजते का. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून पाणी साठवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघा. जे सापडेल त्याची यादी करून ताबा पावतीवरच लिहा. शेवटचे ५ टक्के त्यानंतर.

भोगवटा प्रमाणपत्र मागा. "नंतर मिळेल" म्हटलं तर लेखी मागा.

तक्रार लेखीच करा. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. फोटोवर तारीख असू द्या. पत्रात "कलम १४(३) नुसार ३० दिवसांत" हे शब्द लिहा. पोहोच जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर "आज आपलं असं असं बोलणं झालं" एवढं टाका.

एकटे जाऊ नका. सोसायटी झाली नसेल तर दहा जणांच्या सह्या घ्या. बिल्डर एकेकाला फोन करून "तुमचं करून देतो, तुम्ही सही नका करू" म्हणेल. त्याला बळी पडू नका.

पुट्टी मारू देण्याआधी विचारा, पाणी येतंय कुठून. ते सांगता येत नसेल तर रंगाचा डबा परत पाठवा.

आणि तीस दिवसांत काही झालं नाही, तर नोंदणी असलेल्या स्कीमसाठी महारेराकडे ५,००० रुपये भरून तक्रार, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे स्वतः उभं राहता येतं.

मी काय केलं? गेल्या महिन्यात पत्र पाठवलं. चौदापैकी नऊ जणांनी सह्या केल्या. पाच जणांनी केल्या नाहीत. त्यातल्या एकाने जिन्यात गाठून सांगितलं, "माझ्या मुलीच्या सासरकडून ते नातेवाईक लागतात हो, समजून घ्या." समजून घेतलं. पत्र पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी बिल्डरचा फोन आला, चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडून. आवाज जरा कडक होता. "काका, पत्र कशाला पाठवलं? फोन करायचा ना."

मी म्हटलं, "भाऊ, फोन चार वर्षं केला."

विसाव्या दिवशी त्यांचा इंजिनिअर आला. या वेळी त्याच्या हातात पुट्टी नव्हती. वरच्या बाथरूमची फरशी काढावी लागेल, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते कागदावर लिहून द्या म्हटलं, तर म्हणाला साहेबांना विचारतो. ते उत्तर अजून यायचंय. आलं नाही तर पुढची पायरी ठरलेली आहे. माझी पाच वर्षं २०२७ च्या मे महिन्यात संपतात. पण दोष कळवल्याचा कागद आता माझ्याकडे आहे.

ताईचं प्रकरण अवघड आहे. तिथे ताब्याची तारीखच नीट लिहिलेली नाही. दाजी म्हणतात, "जाऊ दे रे, या वयात कुठे कोर्टकचेरी." पुढच्या आठवड्यात धुळ्याला जाऊन सहाही घरांच्या लोकांना एकत्र बसवणार आहे. सगळ्यांच्या जिन्याजवळ तोच तडा आहे, हे त्यांनी एकमेकांना अजून सांगितलेलंच नाही. घराला तडा म्हणजे आपली इज्जत गेली, असं वाटतं ना लोकांना. अरे, इज्जत बांधणाऱ्याची जायला पाहिजे, राहणाऱ्याची कशाला?

तुमच्याकडे असं काही असेल तर खाली लिहा. बिल्डरचं नाव लिहू नका, त्याने वाद वाढतो आणि काम होत नाही. फक्त ताब्याचं वर्ष, दोष काय आणि लेखी कळवलंय का, एवढं लिहा. लेखी कळवलं नसेल, तर आधी ते करा.